सहा ते सव्वानऊ, व्हाया चर्चगेट

नोकरी, घर आणि अर्धवेळ एमबीए. ही तारेवरची कसरत नेमकी कुठे आणि कशी चालते, हे बघायला एका बुधवारी नवऱ्याबरोबर त्याच्या कॉलेजपर्यंत गेले. परत येताना हिशेब जरा वेगळा निघाला.

आमच्या घरी रात्रीचं जेवण दोनदा होतं. माझं साडेआठला, त्याचं अकराला. कुकर एकदाच लागतो, पण आमटी दोनदा गरम होते. आठवड्यातले चार दिवस हे असंच. शनिवारी दुपारीही लेक्चर असतं, त्यामुळे 'चार दिवस' हे सुद्धा मी जरा मोठ्या मनाने म्हणतेय.

नवऱ्याने २०२४ च्या पावसाळ्यात तीन वर्षांच्या अर्धवेळ मॅनेजमेंट कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली. दिवसा बीकेसीत नोकरी, संध्याकाळी चर्चगेटला लेक्चर, रात्री बोरिवलीला घर. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून फॉर्म भरला होता, पेढे वाटले होते. 'तीन वर्षं काय, अशी जातील' असं मीच सगळ्यांना सांगत होते. मी फ्रीलान्स पत्रकार. मास कॉम केलेलं, वेळा माझ्या हातात. मला वाटलं होतं, सोप्पं आहे.

मग यंदाच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी, फराळाचे रिकामे डबे घासून पालथे घालत असताना, त्याने मागून विचारलं, 'सोडून देऊ का गं?'

मी वळूनही न बघता म्हटलं, 'तुझं तू ठरव.'

ऐकायला किती मॉडर्न वाटतं ना? बायको नवऱ्यावर काही लादत नाही, वगैरे. खरं सांगू, त्यात मॉडर्न काही नव्हतं. त्यात फुगवून ठेवलेला राग होता. मावसबहिणीच्या हळदीला मी एकटी गेले होते. वाढदिवसाच्या दिवशी त्याची इंटर्नल परीक्षा होती. सासूबाईंचा चिपळूणहून रोज रात्री फोन येतो, 'तो जेवला का?' मी जेवले का, हे त्या विचारत नाहीत असं नाही, पण दुसऱ्यांदा विचारतात. हे सगळं त्या तीन शब्दांत होतं आणि ते त्याला बरोब्बर कळलं होतं. तो काही बोलला नाही, दप्तर आवरायला गेला. हो, आमच्या घरात त्याच्या लॅपटॉप बॅगेला दप्तरच म्हणतात.

दोन दिवस मला ते शब्द टोचत राहिले. शेवटी बुधवारी सकाळी मी म्हटलं, 'आज मी येते तुझ्याबरोबर. ऑफिसपासून घरापर्यंत.'

'कशाला? कंटाळशील.'

'बघू तर, माझा नवरा जातो कुठे!'

बीकेसी, पावणेसहा

ऑफिसच्या गेटवर मी पावणेसहाला उभी होते. तो बाहेर आला तो जवळजवळ पळतच, खांद्यावर दप्तर आणि चेहऱ्यावर चोरी करून आल्याचा भाव. बाकीच्यांना सात-साडेसातपर्यंत बसायची सवय, त्यामुळे पावणेसहाला उठणारा माणूस म्हणजे हाफ डे घेणारा माणूस. तो सकाळी साडेआठलाच कामाला बसलेला असतो, हे साडेआठला कुणी बघायला नसतं. 'रोज लिफ्टपर्यंत जाताना पाठीला डोळे चिकटतात,' तो म्हणाला. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी इथून पुढचा प्रवास म्हणजे दिव्य होतं. बांद्रा स्टेशनसाठी शेअर रिक्षाची रांग, मग पुलावरची गर्दी, मग लोकल. कधी सहा-चाळीस, कधी सात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि त्याचं आयुष्य बदललं. अ‍ॅक्वा लाइन, म्हणजे आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं. बीकेसीला खाली उतरायचं, धारावी, शीतलादेवी, दादर, सिद्धिविनायक करत चर्चगेटला वर यायचं. एसी, गारेगार.

आम्हाला बसायला जागा नव्हती. त्याने खांब धरला, दुसऱ्या हाताने फोनवर केस स्टडी काढली आणि वाचायला लागला. मी शेजारी उभी आहे हे तो विसरलाच. वरळी आलं, गेलं. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की घरी टेबलाशी बसून तो असा कधी वाचत नाही, कारण घरी आला की मी बोलायला लागते. त्याची स्टडी रूम ही आहे. चालती, जमिनीखालची, भाड्याची.

ऑफिसांच्या पोटातली कॉलेजं

चर्चगेट म्हटलं की आपल्याला ऑफिसं आठवतात. पण स्टेशनच्या आसपास जरा फिरलात तर पावलापावलावर कॉलेज आहे. १८५५ चं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं १९१३ चं सिडनहॅम. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं आवार. मुंबई विद्यापीठाची १९६५ पासूनची जमनालाल बजाज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट. शिवाय जयहिंद आणि केसी. नवऱ्याचं कॉलेज याच भागात कुठेतरी. नाव लिहू नकोस, असं त्याने बजावलंय.

संध्याकाळी सहानंतर इथे दोन लोंढे एकमेकांना आपटतात. एक ऑफिसमधून स्टेशनकडे धावणारा. दुसरा लहान, उलट्या दिशेचा. फॉर्मल शर्ट, गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड, हातात वडापाव. हा दुसरा लोंढा म्हणजे आमचा नवरा आणि त्याचे भाऊबंद. सहा-वीसला त्याने मला फुटपाथवर सोडलं, 'साडेसातला ब्रेक असतो, ये चहाच्या टपरीवर,' म्हणाला आणि गेटमधून आत गेला. चक्क धावत.

मी ओव्हल मैदानाच्या कडेने चालायला लागले. क्रिकेटची शेवटची षटकं अंधारात चालली होती, बॉल दिसत नव्हता तरी अपील जोरात होतं. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या दगडी गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या गोलाकार बाल्कन्या. या दोन्ही रांगांना मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिलाय. मध्ये राजाबाई टॉवर.

या टॉवरची गोष्ट मला फार आवडते. प्रेमचंद रायचंद या बड्या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा दिला, तो आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं या अटीवर. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. असं सांगतात की आई दृष्टिहीन होती आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायची. घड्याळाचे टोले ऐकून तिला जेवणाची वेळ कळावी, असा मुलाचा हेतू होता. घरातल्या माणसाने वेळेवर जेवावं म्हणून कुणीतरी ८५ मीटर उंच घड्याळ उभारतं आणि दीडेकशे वर्षांनी त्याच्याच सावलीत आमची माणसं रात्री अकराला जेवण्यासाठी शिकतात. मला एकदम हसूच आलं.

आणि हसता हसता थोडी लाजही वाटली. कारण नोकरी करून शिकणं हे काही आमच्या पिढीने शोधलेलं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये. इथून दहा मिनिटांवर, फोर्टात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये सुरू झालं, तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांना जमावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. त्यांना एसी मेट्रो नव्हती, घरी दोनदा गरम होणारी आमटीही असेलच असं नाही. आपण मात्र 'वर्क-लाइफ बॅलन्स' असा शब्द काढून त्याच्यावर सेमिनार घेतो. पण त्यांचीही घरं होतीच की. त्या घरांत कोण जागं राहायचं, ते कुठे लिहिलेलं नाही.

ब्रेक, साडेसात ते सात-चाळीस

टपरीवर सात-आठ जण. सगळ्यांच्या हातात कटिंग. नवऱ्याने दप्तरातून दुसरा डबा काढला. पहिला दुपारचा, दुसरा हा, पोळीच्या दोन सुरळ्यांचा. तो मीच भरते रोज. पण तो कुठे, कसा खाल्ला जातो ते पहिल्यांदा बघत होते. बाइकच्या सीटवर डबा, उभ्या उभ्या चार मिनिटांत दोन पोळ्या. त्यातली अर्धी शेजारच्याने पळवली. 'वहिनी, तुमच्या मेथीच्या पोळीवर आमचं निम्मं सेमिस्टर निघालंय,' तो म्हणाला.

आज लेक्चर होतं ऑपरेशन्सचं आणि विषय काय, तर डबेवाले! हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी काढली, ती. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. झाकणावर रंग, अक्षरं, आकड्यांची खूण, आणि घरचा डबा बरोब्बर त्याच टेबलावर. २००३ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटायला आले ते इथेच, चर्चगेट स्टेशनबाहेर. आत पन्नास जण डबा वेळेवर पोचवण्याचं गणित शिकतायत आणि बाहेर येऊन उभ्याने गार पोळी खातायत.

मी माझा पत्रकारी प्रश्न टाकला. 'तुम्ही सगळे हे मॅनेज कसं करता?'

ठाण्याची एक इंजिनीअर होती, मुलगा चार वर्षांचा. ती म्हणाली, 'मॅनेज नाही करत. आई करते. मी फक्त फी भरते.' मुलगा झोपायच्या आधी, साडेसातच्या याच ब्रेकमध्ये, तिचा त्याला व्हिडिओ कॉल असतो. बोलता बोलता फोन वाजला आणि ती कोपऱ्यात गेली. 'उंदीरमामाची टोपी' तिथून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.

बँकेतला एक जण म्हणाला, त्याचं सगळं वर्ष सुरळीत जातं, फक्त मार्च सोडून. वर्षअखेरीचं क्लोजिंग आणि सबमिशन्स एकदम येतात. गेल्या मार्चमध्ये तो वीस दिवस घरी फक्त अंघोळीला गेला, असं त्याचं म्हणणं. औषधं विकणारा एक एमआर सगळी प्रकरणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून बाइकवर ऐकतो. 'स्वतःचाच आवाज ऐकून झोप येते, तेवढा प्रॉब्लेम आहे.'

सगळे हसले. मग इंजिनीअर परत आली आणि सहज बोलून गेली, 'मागच्या सेमला आमच्यातले सहा जण गळले. अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही. घरी काय सांगायचं ते संपलं होतं.'

नवऱ्याने डबा बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही.

सव्वानऊ

आता मुख्य गोष्ट. मला सव्वा वर्ष अशी समजूत होती की लेक्चर साडेनऊ-पावणेदहाला संपतं. मी स्टेशनकडे जाऊन, स्टॉलवर कॉफी घेऊन, पावणेदहाला गेटवर जायचं ठरवत होते. सव्वानऊलाच गेटमधून माणसं बाहेर पडायला लागली. नवराही आला. मला समोर बघून दचकला.

'लवकर सुटलं?' मी विचारलं.

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, 'नाही. रोज सव्वानऊलाच सुटतं.'

मी मनात आकडेमोड केली. सव्वानऊला सुटलं, तर साडेनऊच्या सुमाराची फास्ट मिळायला हवी. तासाभरात बोरिवली. तो घरी अकराच्या सुमाराला येतो. स्टेशनवरून घर चालत सात मिनिटं.

'मग रोजची वीस-पंचवीस मिनिटं जातात कुठे?'

'चल, दाखवतो.'

स्टेशन मागे टाकून त्याने मला वीर नरिमन रोडने सरळ नेलं. रुस्तमच्या आइस्क्रीम सँडविचपाशी मी थांबेन असं त्याला वाटलं असावं, पण माझा मूड नव्हता. समोर समुद्र आला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर त्याची ठरलेली जागा आहे. दिव्याच्या दोन खांबांच्या मधली, जिथे जरा अंधार असतो. तो बसला, दप्तर पायापाशी ठेवलं, फोन आत टाकला.

'इथे बसतो. वीस मिनिटं. मग जातो.'

'कुणाबरोबर?'

'कुणाबरोबर नाही.'

'काय करतोस?'

'काहीच नाही.'

माझ्या डोक्यात काय काय आलं ते सगळं लिहीत नाही. मुख्य म्हणजे हिशेब आला. आठवड्याला चार दिवस, रोज वीस मिनिटं, गुणिले सव्वा वर्ष. मी तिकडे आमटी गरम करायला गॅसपाशी उभी, आणि हा इथे वारा खातोय! तोंडावर आलंच होतं. पण त्याच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. तो खरंच काहीच करत नव्हता. लाटा टेट्रापॉडवर आपटत होत्या, तो तिकडे बघत होता. पावणेसहाला पाठीला चिकटलेले डोळे, मेट्रोतली केस स्टडी, चार मिनिटांतल्या दोन पोळ्या, हे सगळं मी आज बघितलं होतं. दिवसभरात ही वीस मिनिटं तेवढी अशी होती, जी ऑफिसची नव्हती, कॉलेजची नव्हती आणि माझीही नव्हती.

'सांगितलं का नाहीस?'

'काय सांगणार? तू वाट बघत असतेस, आणि मी मुद्दाम उशिरा येतो? तुला वाटलं असतं, घरी यायचंच नाही मला.' मग जरा थांबून, 'म्हणून तर म्हटलं, सोडून देतो. चोरी केल्यासारखं वाटतं. ऑफिसातही आणि इथेही.'

तेव्हा मीही कबूल करून टाकलं. की आठवड्यातले दोन तरी दिवस, साडेआठला एकटीने जेवून, पाय वर घेऊन, माझ्या आवडीचं काहीतरी बघत बसायला मला भयंकर आवडतं. तो नाही म्हणून मी बिचारी, असं जगाला सांगते खरी, पण एखाद्या दिवशी लेक्चर रद्द होऊन तो सातलाच घरी आला की माझा किंचित विरस होतो. हे मी सासूबाईंना, माझ्या आईला, कुणालाच सांगितलेलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तो इतका हसला की शेजारच्या कट्ट्यावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

बोरिवली फास्ट

चर्चगेटला लोकलचे चारच प्लॅटफॉर्म. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे रात्री दहाच्या सुमाराला बसायला मिळतं. तो खिडकीत, मी शेजारी. दादर येईपर्यंत तो माझ्या खांद्यावर झोपला होता. समोरच्या माणसाने विचारलं, 'कुठे उठवू?' म्हणजे हा माणूस त्याला रोज उठवत असावा. 'आज मी आहे,' म्हटलं.

चर्चगेट ते बोरिवली ३४ किलोमीटर. एवढ्या वेळात मी एक गोष्ट स्वतःशी मान्य केली. आपण बॅलन्स, बॅलन्स म्हणतो आणि दिवसाचे तीन तुकडे करतो. नोकरी, शिक्षण, घर. तिन्ही तुकडे कुणाला तरी द्यायचे. एकही तुकडा स्वतःला ठेवायचा नाही, आणि ठेवला तर लपवायचा. मग तो चोरीचा होतो. त्याची वीस मिनिटं चोरीची, माझ्या दोन संध्याकाळी चोरीच्या. ताळेबंद मांडायला तो तीन वर्षं शिकतोय, पण आमच्या घरच्या ताळेबंदात ही नोंदच नव्हती.

बोरिवलीला उतरल्यावर मी म्हटलं, 'परवा मी तुझं तू ठरव म्हटलं, ते मागे घेते. आपण ठरवू.'

आम्ही काय ठरवलं? फार मोठं काही नाही. डिसेंबरची परीक्षा तो देतोय. ती झाली की पुढचं बघू, आणि 'सोडणं' हा शब्द त्या यादीत राहील, कारण तोही एक निर्णय असू शकतो. कट्ट्याची वीस मिनिटं अधिकृत. मंगळवार, गुरुवार माझे, त्या दिवशी आमटी तो स्वतः गरम करेल. रविवारी दुपारी एकपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, आणि मीही लॅपटॉप उघडायचा नाही. सासूबाईंना मी सांगून टाकलं, 'आई, तो अकराला जेवतो. मी साडेआठला जेवते. दोघंही पोटभर.' त्या म्हणाल्या, 'मग बरं. मला वाटायचं, तू त्याच्यासाठी थांबतेस की काय!'

तुमचाही विचार असेल तर...

- कॉलेज निवडताना रँकिंगच्या आधी नकाशा बघा. ऑफिसकडून घरी जाण्याच्या वाटेवर कॉलेज असेल तर तीन वर्षं निघतात. उलट्या दिशेला असेल तर तीन महिने निघणंही कठीण.
- परीक्षेचे महिने आणि तुमच्या ऑफिसचे धावपळीचे महिने एका कॅलेंडरवर मांडा. बँक, अकाउंट्सवाल्यांनी मार्च आधी बघावा.
- प्रवासच जमणार नसेल तर ऑनलाइनचा पर्याय आहे. मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धरल्या जातील, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. संस्थेची मान्यता मात्र स्वतः तपासा.
- फॉर्म भरायच्या आधी घरच्यांबरोबर बसा आणि संध्याकाळ कुणाच्या वाट्याची जाणार आहे ते मोठ्याने बोला. आणि तुमची वीस मिनिटं कुठली, तेही.
- दुसरा डबा न्या. त्यात एक पोळी जास्त ठेवा. अर्धी कुणीतरी पळवणारच.